गारठ्यात पीठ वर आणायची खटपट

बेळगावात थंडी वर्षातनं दोनदा पडते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. डिसेंबर-जानेवारीची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे पारा १३-१४ अंशांवर येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली घसरतो, आणि कौलारू घर असेल तर स्वयंपाकघरातली फरशी पायाला चावते. दुसरी थंडी जुलै-ऑगस्टची. पाऊस बसला की बसला. भर दुपारीसुद्धा पारा २४-२५ च्या पुढं सरकत नाही, ऊन म्हणून दिसत नाही, वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर राहायचं आणि वर सह्याद्रीचा पाऊस अंगावर घ्यायचा, तर हे चालायचंच. शाळेत जाणाऱ्या पोरांना स्वेटर घातला की भागतं. इडली-डोशाचं पीठ विकणाऱ्या बाईचं तेवढ्यावर भागत नाही.

वडगावात घरातनंच मी हे पीठ विकते. आसपासच्या गल्ल्यांतली घरं, दोन-तीन खानावळी आणि रविवारी लोणी डोशाचा गाडा लावणारे एक अण्णा, असं माझं गिऱ्हाईक. उन्हाळ्यात पीठ आपोआप वर येतं. तेव्हा चिंता असते ती जास्त आंबण्याची. पण थंडीत पहाटे पाचला डबा उघडावा आणि रात्री जिथं खूण केली होती तिथंच पीठ बसलेलं दिसावं, यासारखा पोटात गोळा आणणारा प्रकार नाही. साडेसहाला खानावळीचा मुलगा दारात उभा. त्याला काय सांगायचं? सोडा घालून पीठ द्यायचं मी पहिल्यापासनं टाळलं. सोड्यानं इडली फुगते, पण आंबण्याची चव येत नाही, आणि ज्याला कळतं त्याला पहिल्या घासालाच कळतं.

आधी आमच्या घरात चालत आलेले उपाय. सासूबाई खानापूरच्या बाजूच्या. त्यांच्या माहेरी चुलीच्या वैलावर, म्हणजे जाळ नसलेल्या त्या बाजूच्या जागेवर, रात्री पिठाचं पातेलं ठेवायचे. रात्रभर निखाऱ्याची ऊब असायची. नाहीतर न्हाणीघरात बंबाजवळ. आता चूल नाही, बंब नाही, गॅसच्या शेगडीला वैल नाही. राहिली घोंगडी. आमच्याकडं धनगरी घोंगडी आहे, जाड, काळी, अंगावर घेतली तर टोचते पण ऊब अशी की विचारू नका. पिठाचा डबा तिच्यात गुंडाळून ठेवायचा सासूबाईंचा आग्रह. घरच्या चार माणसांपुरत्या पिठाला ते चालायचंही. माझ्या मोठ्या डब्यांना चालेना. कारण सरळ आहे: घोंगडी राखते, देत नाही. पीठ गार असेल तर ती गारपणाच राखणार. सासूबाईंना हे सांगायला गेले तर म्हणाल्या, "मग आम्ही इतकी वर्षं काय दगड खाल्ले काय गं?" तो विषय मी तिथंच सोडला. पुढं त्यांचंही बरोबर होतं असं कळलं, ते येईलच.

मग भाताचं पिंजर. आंब्याची आढी घालतात तसं मोठ्या खोक्यात पिंजर भरून मधे डबा बसवायचा. येळ्ळूरच्या शिवारातनं पिंजर मिळायला अडचण नाही. पण आंबा पिकताना स्वतः उष्णता सोडतो, म्हणून आढी तापते. पीठसुद्धा आंबताना थोडी उष्णता सोडतं, पण ती फार थोडी, आणि आंबणं सुरू झाल्यावर. सुरूच होत नसेल तर उष्णता कुठनं यायची? शिवाय पिंजराचा चुरा स्वयंपाकघरात उडतो. खाण्याच्या धंद्यात ते नको.

बल्बचा उपाय सगळेच सुचवतात. बंद ओव्हनमध्ये दिवा लावून पीठ ठेवा, खोक्यात साठ वॉटचा बल्ब सोडा. आता साठ वॉटचा पिवळा बल्ब मिळवण्यातच अर्धा दिवस जातो. गणपत गल्लीत विचारत फिरले तर सगळीकडं एलईडी पुढं करतात, आणि एलईडीला ऊब नाही. शेवटी एका जुन्या दुकानात धूळ खात पडलेले मिळाले. खोकं हवं होतं थर्माकोलचं. मोठी खोकी मासळी बाजारात पडलेली असतात, गोव्या-कारवारकडनं मासळी त्यातच येते. पण त्या खोक्यात इडलीचं पीठ ठेवलं असं कुणाला कळलं असतं तर गल्लीतली निम्मी गिऱ्हाइकं मी गमावली असती, आणि वास जाता जात नाही तो वेगळाच. औषधांच्या घाऊक दुकानात मात्र लसी आणि इन्सुलिनची खोकी येतात, स्वच्छ, जाड भिंतीची. ती मागितली की देतात.

बल्बनं पीठ वर आलं, पण कसं? बल्बकडच्या बाजूचं पीठ फसफसून आंबट झालेलं, वरच्या थराला कोरडी साय धरलेली, आणि पळी तळाशी घातली तर तिथलं पीठ गार, घट्ट, जसंच्या तसं. एकाच डब्यातनं तीन चवीचं पीठ निघालं. खानावळीच्या मावशींनी फोन करून विचारलं, "आज पीठ मिसळून दिलंस काय?"

माझा भाचा पुण्यात बिअर तयार करून तिथंच विकणाऱ्या एका ठिकाणी कामाला आहे. दिवाळीला आला होता, तेव्हा त्याच्यापुढं हे गाऱ्हाणं मांडलं. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, तुझं दुखणं आणि आमचं दुखणं एकच आहे की." मग त्यानं जे सांगितलं त्यानं माझी गाडी रुळावर आली.

बिअरमध्ये यीस्ट टाकलं की त्यालाही ठराविक ऊब लागते. एल नावाच्या प्रकाराला साधारण १८ ते २२ अंश, लागर नावाच्या प्रकाराला त्याहून बरंच गार, ८ ते १३. थंड देशांत लोक घरातच हौसेनं बिअर करतात. (आपल्या कर्नाटकात परवान्याशिवाय ते कायद्यात बसत नाही, तेव्हा कुणी डोक्यात घेऊ नका.) तिकडं हिवाळ्यात त्यांची खोली दहा-बारा अंशांवर येते, यीस्ट झोपी जातं आणि बिअर अर्धवट राहते. त्यावर त्यांनी नाना उपाय काढलेत. कुणी भांड्याभोवती विजेचा गरम पट्टा गुंडाळतं, कुणी खाली तापणारी चटई घालतं, कुणी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात भांडं नेऊन ठेवतं. पण भाचा म्हणाला की सगळ्यांत भरवशाचा उपाय पाण्याचा. मोठ्या टबात पाणी, त्यात भांडं बुडवून ठेवायचं, आणि पाण्यात माशांच्या टाकीचा हीटर सोडायचा. पाणी सगळ्या बाजूंनी सारखी ऊब देतं आणि एकदा तापलं की लवकर गार होत नाही.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती मला जास्त मोलाची वाटली. त्यांच्याकडं खोलीचं तापमान कुणी विचारत नाही, भांड्याच्या आतलं विचारतात. जोरात आंबणारी बिअर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असते. मोठ्या टाक्यांना त्यासाठी आत शिरलेली एक बंद नळी असते, तिच्यात सेन्सर सरकवतात. घरगुती लोक सेन्सर भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवतात आणि त्यावरनं कापडाची जाड घडी बांधतात, म्हणजे सेन्सरला खोलीची हवा लागत नाही, भांड्याचीच ऊब कळते. मी आजवर भिंतीवरच्या घड्याळातला आकडा बघून पिठाचा अंदाज करत होते.

दुसऱ्या दिवशी दांडीचा डिजिटल थर्मामीटर आणला, खव्यात-पाकात घालतात तसला. संध्याकाळी दळून झालेल्या पिठात खुपसला. खोली २५ दाखवत होती, पीठ २१. का, तर तांदूळ आणि उडीद भिजले होते गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात, आणि थंडीत ते पाणी हाताला झिणझिण्या आणतं. म्हणजे रात्रीची लढाई मी दुपारी भिजत घालतानाच निम्मी हरत होते.

पिठात नेमकं काय घडतं हेही सांगून ठेवते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. इडलीच्या पिठाला बाहेरून यीस्ट लागत नाही. उडदावर आणि तांदळावर जे जिवाणू मुळातच असतात तेच कामाला लागतात. सुरुवातीला जोर असतो ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाच्या जिवाणूचा. तो आंबटपणा आणतो आणि जोडीला वायू सोडतो. पीठ वर येतं ते प्रामुख्यानं त्या वायूनं. मागून इतर जिवाणू आंबटपणा वाढवतात. उडदाचं काम वेगळं: त्यातली प्रथिनं आणि चिकट पदार्थ तो वायू धरून ठेवतात, म्हणून उडीद कमी पडला की पीठ आंबतं पण फुगत नाही. ऊब २८ ते ३१ अंशांच्या आसपास असली की ही सगळी मंडळी गुण्यागोविंदानं नांदतात आणि आठ-दहा तासांत पीठ दुप्पट होतं. २० च्या खाली सगळं रेंगाळतं. ३५ च्या वर गेलं की आंबटपणा पुढं पळतो आणि फुगणं मागं राहतं. बल्बकडच्या बाजूला माझं तेच झालं होतं.

आता बिअर आणि पीठ यांत एक मोठा फरक आहे, आणि तो लक्षात न घेता भाच्याचा उपाय जसाच्या तसा उचलला असता तर पुन्हा तोंडावर पडायची वेळ होती. बिअर पातळ. तिला खालून किंवा बाजूनं ऊब दिली की ती आतल्या आत फिरते आणि सगळीकडं पोचते. शिवाय तिला आठवडा-दोन आठवडे वेळ असतो. पहिल्या दिवशी हळूहळू तापली तरी बिघडत नाही. पीठ घट्ट, त्यात बुडबुडे, ते जागचं हलत नाही. बुडबुडे धरलेलं पीठ म्हणजे आतनं घोंगडीच. बाहेरची ऊब मधोमध पोचायला चार-पाच तास सहज लागतात, आणि माझ्याकडं असतात एकूण दहा तास. तेव्हा पीठ डब्यात भरतानाच त्याच्या पोटात ऊब पाहिजे. टबातल्या पाण्यानं ती फक्त सांभाळायची. सासूबाईंचं बरोबर होतं ते इथं. त्यांच्या वेळी पाटा-वरवंटा किंवा रगडा असायचा चुलीशेजारी, भिजवायचं पाणीही चुलीकडेला ठेवलेल्या हंड्यातलं, म्हणजे पीठ कोमटच व्हायचं, आणि घोंगडी ते कोमटपण राखायची.

हे कळल्यावर दळण्याची रीत बदलली. उडीद मी गरम पाण्यात वाटत नाही. वाटताना उडीद तापला तर त्याला हवा तसा फेस धरत नाही, असा माझा अनुभव आहे. ग्राइंडरच्या घर्षणानं त्याला जी काही ऊब येते तेवढी पुरे. उडीद वाटून निघतो २३-२४ अंशांना. ऊब घालायची ती तांदळात. मी इडलीचा रवा वापरते. तो आधी धुऊन दुपारपासनं साध्या पाण्यात भिजतोच, पण उडीद वाटायला टाकला की रव्यातलं गार पाणी ओतून देते आणि त्यावर कोमट पाणी घालते, ४५ अंशांच्या आसपासचं, बोट घातलं तर सहन होईल पण ठेवून राहवणार नाही इतपत. पंधरा-वीस मिनिटांनी रवा पिळून काढला की तो ३४-३५ ला असतो. उडदाच्या वाटणात तो कालवला की मिश्रण २९-३० वर येतं. कालवायचं हातानंच, खालवर करून, नाहीतर गरम रव्याचे गोळे एका बाजूला आणि उडीद एका बाजूला. थर्मामीटर तीन ठिकाणी घालून बघते. कमी भरलं तर थोडं गरम पाणी, जास्त भरलं तर पाच मिनिटं उघडं ठेवलं की झालं.

डोशाच्या पिठाला ही सोय नाही, कारण तिथं तांदूळही वाटायचा असतो. तिथं मी तांदूळ वाटताना घालायचं पाणी कोमट घेते. ग्राइंडरमध्ये ते पाणी एकदम ओतायचं नाही, दगड फिरत असताना धारेनं सोडायचं.

आदल्या दिवसाचं पीठ विरजण म्हणून घालावं का, हे विचारणारे बरेच भेटतात. घातलं की सुरुवात लवकर होते हे खरं. पण जास्त घातलं तर पीठ वर येण्याआधी आंबट होतं. कडाक्याच्या थंडीत मी एका डब्याला एक लहान वाटी घालते, पावसाळ्यात तेही नाही. मीठ सकाळी.

टबाची मांडणी करताना डोकं खाजवावं लागलं. एक जुना ८० लिटरचा प्लास्टिकचा टब होता. आधी माझे डबे होते पसरट, वीस-वीस लिटरचे. पसरट डब्याच्या पोटातल्या पिठापर्यंत पाण्याची ऊब पोचायला वेळ लागतो, म्हणून ते बाजूला ठेवून उंच, अरुंद, दहा लिटरचे स्टीलचे डबे घेतले. तळाला लोखंडी जाळी, म्हणजे डब्यांच्या खालूनही पाणी फिरतं. पहिल्याच रात्री गंमत झाली. टब वरपर्यंत भरला तर डबे तरंगायला लागले आणि एक डबा तिरका होऊन टबाच्या कडेला टेकला. हिशेब सोपा आहे: डबा आणि पीठ मिळून जेवढं वजन, तेवढं पाणी बाजूला सारलं की डबा उचलला जाणारच. तेव्हा पाण्याची पातळी पिठाच्या पातळीपेक्षा चार बोटं खाली ठेवायची. आणि डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कारण सकाळी तेच पीठ दुप्पट होऊन झाकणाला टेकतं. झाकण सैल. बिअरवाल्यांना वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी पाण्याची कळ बसवावी लागते. पिठाला एका रात्रीत तसलं काही लागत नाही.

हीटर २०० वॉटचा, माशांच्या दुकानातनं आणलेला, काचेच्या नळीचा. त्याच्यावर आकड्यांची चकती असते, पण तिच्यावर माझा भरवसा नाही. ३० वर ठेवला तर पाणी ३३ दाखवत होतं. म्हणून वेगळा थर्मोस्टॅट लावला. तो कुठनं आला तेही सांगते. आमच्या ओळखीच्या एकाकडं गावठी कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र आहे. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, अर्धा-पाऊण अंश इकडंतिकडं झालं तरी पिल्लं कमी निघतात, त्यामुळं ही माणसं तापमानाच्या बाबतीत फार पक्की. त्यानं सांगितलं तोच डबीएवढा थर्मोस्टॅट घेतला, तारेच्या टोकाला सेन्सर असलेला. ३० वर लावला, अर्ध्या अंशाचा फरक ठेवला. म्हणजे साडेएकोणतीसला हीटर सुरू, तीसला बंद. सेन्सर सुरुवातीला पिठात घालून बघितला. ते चुकीचं ठरतं: पीठ तापायला उशीर, तोवर हीटर चालूच, आणि पाणी ३६-३७ वर. आता सेन्सर पाण्यातच असतो, हीटरपासनं लांबच्या टोकाला, आणि माशांच्या टाकीचाच एक लहानसा हवेचा पंप पाणी ढवळत राहतो. तो नसेल तर हीटरकडचं पाणी गरम आणि पलीकडचं गार असं होतं, अगदी बल्बच्या खोक्यासारखं.

वीज आणि पाणी एकत्र म्हटल्यावर घरच्यांचा जीव वर-खाली. तो बरोबरच आहे. आमच्या इलेक्ट्रिशियननं अर्थिंग तपासलं, गळती झाली की लगेच पडणारा ब्रेकर बसवला, आणि वायर अशी वळवून घेतली की तिच्यावरनं ओघळणारं पाणी खालीच टपकावं, सॉकेटकडं जाऊ नये. हीटर पाण्यात बुडल्याशिवाय चालू करायचा नाही, आणि बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच बाहेर काढायचा. तापलेल्या काचेला हवा लागली की ती तडकते. पहाटे टबात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हा नियम आमच्याकडं देवघरातल्या दिव्यापेक्षा कडक पाळला जातो.

बिल किती येतं म्हणून काळजी होती. वीस लिटर पाण्याला एक अंश चढवायला १०० वॉटच्या हीटरला साधारण १४ मिनिटं लागतात. यावरनं माझ्या लक्षात आलं की गार पाणी हीटरनं तापवत बसणं म्हणजे वेळ आणि वीज दोन्ही वाया. आता टबात आंघोळीच्या गिझरचंच गरम पाणी मिसळून सुरुवातीलाच ३० वर आणते. हीटरकडं काम राहतं ते फक्त सांभाळण्याचं. टबाभोवती घोंगडी, वर थर्माकोलचा पत्रा. असं झाकलं की रात्रीत हीटर मधून मधूनच लागतो. आणि घोंगडी पुन्हा कामाला आली म्हणून सासूबाई खूश.

खरी परीक्षा झाली ती रात्री लाईट गेली तेव्हा. बाहेर धुकं, गल्लीत काळोख. बल्बचं खोकं असतं तर अर्ध्या तासात गार पडलं असतं. टबातलं पाणी मात्र तीन तासांनीसुद्धा दीड अंशाच्या आतच उतरलं होतं. हा एक गुण बाकीच्या सगळ्या उपायांत नाही. गरम चटई, गरम पट्टा, काहीही घ्या, वीज गेली की संपलं.

पावसाळ्यात मला वाटलं होतं की हाच कित्ता गिरवला की झालं. तसं नाही. जुलैत रात्र आणि दिवस यांत फारसा फरक नसतो. २२ ला पीठ संध्याकाळीही असतं आणि पहाटेही. हिवाळ्यात दुपारी ऊन पडतं, भिंती तापतात, स्वयंपाकघर पहिल्या चार तासांत मदत करतं. पावसाळ्यात ती मदत नाही. शिवाय उडीद दमट होतो, डब्यातल्या डब्यात त्याला ओल धरते, आणि मग नेहमीच्या मापानं पाणी घातलं की पीठ सैल. सैल पिठात वायू टिकत नाही, चढलेलं पीठ पहाटे खाली बसतं. त्यामुळं पावसाळ्यात पाणी हात आखडून घालते आणि टब ३१ वर ठेवते. पिठाचा वासही ओळखायला शिकले. झाकण उचललं की ताकासारखा हलका आंबूस वास आला तर ठीक. नाकात झणका बसला तर रात्री कुठंतरी ऊब जास्त झाली. पळीनं बाजू उकरली की आत जाळी दिसली पाहिजे, आणि पळी उलटी केली तर पीठ धारेनं न पडता थबकत पडलं पाहिजे. खुणेपेक्षा मी या जाळीवर जास्त विश्वास ठेवते. खूण ओलांडूनही आतनं पीठ बसकं निघालेलं मी पाहिलंय.

तयार झालेलं पीठ टबातनं काढलं की लगेच फ्रीजमध्ये. नाहीतर उबेत ते आंबतच राहतं आणि दहाच्या गिऱ्हाइकाला सहाच्यापेक्षा वेगळं पीठ जातं. मोठ्या डब्यात ते गार व्हायलाही तितकाच वेळ लागतो, म्हणून पाचलाच किलो-किलोच्या पिशव्या भरून आडव्या ठेवते.

घरच्या चार माणसांसाठी टब-हीटर-थर्मोस्टॅट असलं काही करायची गरज नाही, हे शेजारणींना मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण माझा टब बघून दोघी-तिघी माशांच्या दुकानात निघाल्या होत्या. तांदूळ आणि उडीद भिजवताना कोमट पाणी घ्या. रवा कालवण्याआधी पाच-दहा मिनिटं ऊन पाण्यात ठेवा. पातेलं अरुंद घ्या. कुकर किंवा मोठा डबा घेऊन त्यात तळाला दोन वाट्या गरम पाणी घाला, वर जाळी, जाळीवर पातेलं, झाकण आणि वरनं जुनं ब्लँकेट. झोपायच्या आधी एकदा पाणी बदला. एवढ्यावर जानेवारीतही पीठ येतं. पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला तळहात लावून बघा. ते ना गार लागलं पाहिजे, ना गरम. थर्मामीटर मिळाला तर उत्तम, दोन-तीनशे रुपयांच्या आत येतो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. रविवारी अण्णांच्या गाड्याला दुप्पट पीठ लागतं आणि टबात डबे मावत नाहीत. दुसरा टब ठेवायला जागा नाही, म्हणून शनिवारी दोन पाळ्या लावते: पहिली दुपारी तीनला टबात, ती रात्री बाराला काढायची, मग दुसरी. मधे पाणी पुन्हा ३० वर आणायचं, हीटर आधी बंद करायचा, अर्ध्या झोपेत. भाचा म्हणतो, जुना फ्रीज घे, त्याचा कंप्रेसर सोडून दे, आत थर्मोस्टॅट आणि छोटा हीटर लाव. तिकडं बिअरवाले तेच करतात, उभ्यानं चार-पाच भांडी मावतात. पण त्यात ऊब देणार हवा, पाणी नाही, आणि लाईट गेली की बल्बच्या खोक्याची गत. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या रचून ठेवल्या तर हवा तितकी लवकर गार पडणार नाही, असं त्याचं म्हणणं. खडेबाजारच्या मागं एकाकडं बंद पडलेला मोठा फ्रीज पडून आहे. भाव जमला तर पावसाळ्याआधी बघते.